मुद्दा चौथा, पान नऊ

अहवाल एकेचाळीस पानांचा होता आणि त्यातली तेवीस पानं तिचीच होती, त्यामुळे ती तो वाचत नव्हती, नुसता चाळत होती. गुरुवार, सकाळचे अकरा. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात पानं. उद्या बैठक, त्याआधी कुठे आकडा इकडचा तिकडे झालाय का, एवढंच बघायचं होतं. पान नऊवर ‘सध्याच्या व्यवस्थेच्या उणिवा’ असं शीर्षक होतं. पहिले तीन मुद्दे तिनेच घातलेले, अगदी हात न आखडता. आपल्या लेकराची खोड आपणच आधी सांगून टाकली की लोक बाकीचं नीट ऐकून घेतात, असा तिचा अनुभव. चौथा मुद्दा तिचा नव्हता. ‘नऊ वर्षांपूर्वी, ऐन कामाच्या वेळेत, मानवी चुकीमुळे मागणी-नोंदणी अकरा मिनिटे पूर्ण ठप्प झाली होती. अडकलेल्या मागण्या चौदा. तपशिलासाठी परिशिष्ट तीन पाहावे.’ तिने ते वाक्य वाचलं, पान उलटलं, पुढच्या पानाच्या दोन ओळीही वाचल्या, आणि मग थांबली. ती मागे आली. वाक्य तिथेच होतं. ही गोष्ट जगात दोनच माणसांना माहीत होती. त्यातली एक ती. दुसरा माणूस काचेच्या भिंतीपलीकडे पाठमोरा उभा राहून फोनवर हसत बोलत होता.

त्याला सगळे मास्तर म्हणत. कधीकाळी दोन वर्षं कुठल्याशा शाळेत गणित शिकवलं होतं म्हणे, आणि ती सवय काही सुटली नव्हती. साधी गोष्ट सांगायची तरी फळा शोधायचा. तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. ती त्याला ‘तुम्ही’ म्हणायची, तो तिला ‘तू’, आणि कंपनीत सगळ्यांची ती ताई असली तरी मास्तर एकटाच तिला ‘वहीवाली’ म्हणायचा. कारण ती डेटाबेसला वहीच म्हणत आली होती. कंपनी घरोघरी ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवायची. अकरा हजार घरं. प्रत्येक घरात कोणीतरी एक माणूस नळी लावून बसलेला, आणि त्याच्या उशाशी एक सिलिंडर हळूहळू रिकामा होत असलेला. फोन येतो, मागणी नोंदली जाते, गोदामात किती आहेत ते दिसतं, गाडी सुटते. या सगळ्याची नोंद वहीत. एकोणीस वर्षं ती वही हिच्याकडे. वहीचा नियम एकच, आणि तो तिला इतका आवडायचा की नव्या माणसांना सांगताना तिचा आवाज बदलायचा: लिहिलं ते लिहिलं. एकदा ‘झालं’ म्हणून वही बोलली की ते झालेलंच असतं, कोणीही, कुठूनही, पुढच्या क्षणी उघडून बघावं, तेच दिसणार. माणसांचं असं नसतं हे तिला माहीत होतं, म्हणून तर ती माणसांपेक्षा वहीत जास्त रमायची. माणूस काही सांगायला लागला की ती म्हणायची, ‘थांबा, तोंडी नको, मी उघडून बघते.’ यावरून तिची टिंगलही व्हायची. गाड्यांचा मुकादम म्हणायचा, ताईंना नमस्कार केला तरी त्या आधी वहीत बघतील, खरंच केला का म्हणून.

मग दोन वर्षांपूर्वी सिलिंडरवर ते छोटे मीटर बसले. आत किती दाब उरलाय, दर मिनिटाला कळवणारे. अकरा हजार घरं, दर मिनिटाला एक आकडा. दिवसाचे दीड कोटीहून जास्त आकडे. वहीला दम लागला. तिनेच सांगितलं, हे आपल्या वहीचं काम नव्हे, या आकड्यांच्या लोंढ्याला वेगळी जागा हवी. मोठ्या बाईंनी, म्हणजे संचालकबाईंनी, दोघांना बसवलं: बाजारात काय काय मिळतं ते बघा, तपासा, तीन महिन्यांत सांगा. आणि ते तीन महिने, आता कबूल करायला हरकत नाही, तिच्या नोकरीतले सगळ्यात मजेचे होते. नवी जी व्यवस्था शेवटी निवडीत उरली ती पाच यंत्रांवर पसरलेली असायची. एका यंत्रावर लिहिलं की ते लगेच म्हणायचं, ‘झालं’, आणि मग सवडीने बाकीच्या चौघांना कळवायचं. मीटरच्या आकड्यांना हे झकास. एखादा आकडा मागे राहिला तर राहिला, मिनिटाने दुसरा येतोच. पण सिलिंडरच्या मागण्यांचं काय? तिने सराव-गोदामात एक सिलिंडर ठेवला, तो एका घराला दिला असं एका यंत्रावर लिहिलं, आणि त्याच क्षणी दुसऱ्या यंत्राला विचारलं, किती उरले? हजारातून तीन वेळा ते म्हणालं, एक. ‘हजारात तीन,’ मास्तर म्हणाला, ‘आणि तेही दोन सेकंदांनी जुळतं की.’ ती म्हणाली, ‘दिवसाला दोन हजार मागण्या, मास्तर. म्हणजे रोज सहा घरांना आपण नसलेला सिलिंडर कबूल करणार. त्या सहा घरांत जाऊन तुम्ही सांगा, दोन सेकंदांनी जुळतं म्हणून.’ तो हसला होता, फळ्यावर सहा चौकोन काढले होते आणि त्यांना दारं काढली होती. ‘पटलं बाई,’ म्हणाला होता. ‘मीटरचे आकडे नव्यात, मागण्या जुन्या वहीत. दोन घरं, दोन संसार.’ हे ठरलं होतं. महिनाभरापूर्वी ठरलं होतं, त्याच फळ्यासमोर, आणि ठरल्यावर दोघांनी मिळून तिच्या डब्यातली पोळी-भाजी खाल्ली होती.

तिने अहवालाचं शेवटचं पान काढलं. शिफारस: सर्व कामकाज एकाच नव्या व्यवस्थेत न्यावे. खाली दोघांची नावं, तिचंसुद्धा. तक्ता सहामध्ये नव्या व्यवस्थेचा वेग होता, वहीच्या चौपट, आणि शेजारच्या रकान्यात अचूकपणा, शंभर टक्के. तिने तो तक्ता बराच वेळ बघितला. चोरी कुठे आहे ते तिला दिसत होतं, आणि तिच्याशिवाय कोणाला दिसणारही नव्हतं. नव्या व्यवस्थेला एक कळ असते. ती आवळली की प्रत्येक वेळी पाचही यंत्रांची वाट बघायची आणि मगच ‘झालं’ म्हणायचं. मग चूक होत नाही, पण सगळी व्यवस्था वहीपेक्षा हळू चालते. वेग मोजला होता कळ सैल ठेवून. अचूकपणा मोजला होता कळ आवळून. दोन्ही आकडे खरे होते, तिनेच मोजलेले होते, फक्त एकाच वेळी खरे नव्हते. वा, मास्तर. खोटं न बोलता कसं फसवावं ते तुमच्याकडून शिकावं. तिला राग आला, आणि राग आला याचं बरं वाटलं, कारण रागाच्या आड तो चौथा मुद्दा थोडा वेळ दिसेनासा झाला.

पण तो जातो कुठे. नऊ वर्षांपूर्वीची ती दुपार तिच्या अंगात होती. नुसतं बोट लावलं तरी उघडायची. तिच्या समोर दोन खिडक्या उघड्या होत्या, दोन्ही काळ्या, दोन्हींत पांढरी अक्षरं. एक खऱ्या वहीची, दुसरी सरावाच्या प्रतीची. मागण्यांची अनुक्रमणिका जुनी झाली होती, ती नव्याने बांधायची होती; ती बांधली जात असताना वहीला कोणी हात लावू शकत नाही, म्हणून आधी प्रतीवर करून बघायचं आणि मग सुट्टीच्या दिवशी पहाटे खऱ्यावर. तिने हुकूम लिहिला, कळ दाबली, हात वर करून आळस दिला. तो आळस तिला आठवायचा. खांद्यातून कट् असा आवाज आला होता आणि छान वाटलं होतं. मग पलीकडच्या दालनातून फोन घेणाऱ्या मुली एकीमागून एक म्हणायला लागल्या, अगं अडकलं, माझंपण अडकलं. तिने खिडकीच्या वरची पट्टी वाचली. खरी वही. मधेच तोडलं तर अनुक्रमणिका अर्धवट राहील आणि दिवसभर बोंब होईल. नाही तोडलं तर थांबायचं. ती थांबली. अकरा मिनिटं. त्यात तिने काहीही केलं नाही, कारण करण्यासारखं काही नव्हतंच, नुसती पडद्याकडे बघत बसली. सगळे म्हणाले, लाइनचा घोटाळा असेल. ती काही बोलली नाही. त्या दिवसापासून खऱ्या वहीची खिडकी तिने लालभडक करून ठेवली, आणि कोणी विचारलं तर सांगायची, डोळ्यांना बरं वाटतं.

त्याच दिवशी संध्याकाळी सहाला तिला जिन्यात मास्तरने गाठलं. जिन्याच्या वळणावर, जिथे तुटक्या खुर्च्या ठेवलेल्या असायच्या. त्याने काही विचारलं नाही. ती आपणहून बोलली, रडली, नाक पुसलं, परत रडली. चौदा मागण्या थांबल्या होत्या, त्यातली एक तातडीची, एका म्हाताऱ्या माणसाची. ‘त्याचं काय झालं असेल हो?’ मास्तर म्हणाला, ‘पोचला. अडकलेल्या मागण्या मी आत्ता बघूनच आलोय. सिलिंडर पोचला त्याच्याकडे. तू उगाच काहीबाही मनात आणू नकोस आणि तू बघत बसू नकोस. हे आपल्या दोघांत संपलं.’ आणि तिच्या डोक्यावर टपली मारली, थोरल्या भावाने मारावी तशी. तिने विश्वास ठेवला. जगाला तोंडी नको म्हणणारी बाई, ती त्या एका माणसाच्या तोंडच्या चार शब्दांवर नऊ वर्षं निवांत झोपली. वही हाताशी होती. तिला विचारणारी एक ओळ लिहिली असती तर दिसलं असतं. लिहिली नाही. का नाही लिहिली, हे तिने स्वतःला विचारलंही नव्हतं, आणि आता परिशिष्ट तीन उघडताना तिला कळलं की विचारलं नव्हतं म्हणजे उत्तर माहीत असणारच.

परिशिष्टात चौदा ओळी होत्या. नावं नव्हती, ग्राहक क्रमांक होते. तेरा ओळींपुढे लिहिलं होतं, ‘विलंब, परिणाम नाही.’ नवव्या ओळीपुढे लिहिलं होतं, ‘विलंब. परिणाम: मृत्यू.’

तिने कपाकडे बघितलं, चहावर साय धरली होती. मग तिने लाल खिडकी उघडली आणि नऊ वर्षांनी ती एक ओळ लिहिली. वही लगेच बोलली. वहीला काय, तिला विचारायचाच अवकाश होता. वय एकाहत्तर. दुसरा मजला, लिफ्ट नाही. बेल बंद आहे, दार वाजवावे. मागणी आली एक वाजून सतराला, नोंदली गेली एक अठ्ठावीसला. सिलिंडर पोचला दोन चाळीसला. पाच वाजून पाच मिनिटांनी शेवटची नोंद: खाते बंद, ग्राहक मयत, कळवणारी व्यक्ती मुलगी. एवढंच. अकरा मिनिटं आधी पोचला असता तर तो जगला असता का, हे कुठल्याच वहीत नव्हतं, डॉक्टरलाही सांगता आलं नसतं. अहवालात मात्र ‘परिणाम’ म्हणून छापलं होतं. तिने आणखी एक गोष्ट बघितली. कोणी कुठलं पान कधी उघडलं याची नोंद वही ठेवते. ती सोय तिनेच करून ठेवलेली. त्या माणसाचं पान त्या दिवशी पाच पन्नासला एकदा उघडलं गेलं होतं. मास्तरच्या नावाने. म्हणजे त्याने ‘मयत’ हा शब्द वाचला, पान मिटलं, जिन्यापर्यंत चालत आला, आणि म्हणाला, सिलिंडर पोचला. पोचलाच होता की! एक शब्दही खोटा नव्हता.

तिने ते पान कागदावर छापून घेतलं, घडी केली, पिशवीत टाकली. मग ती मास्तरच्या खोलीत गेली. तो फोन ठेवत होता. तिच्या तोंडाकडे बघून त्याला काय ते कळलं, आणि त्याने आधी दार लावून घेतलं. तिला वाटलं होतं आपण ओरडू. तिच्या तोंडून आलं ते एवढंच, ‘मास्तर, हे काय हो?’ आणि तेही इतकं केविलवाणं, की तिला स्वतःचीच चीड आली.

‘बस,’ तो म्हणाला. ‘तुझं नाव घातलेलं नाही कुठे. मानवी चूक म्हटलंय. माणूस कोण, ते नाही म्हटलं.’

‘तो गेला होता. तुम्हाला माहीत होतं.’

‘तेव्हा तुला ते सांगून काय झालं असतं? तू नोकरी सोडली असतीस. वेडीबिडी झाली असतीस. मी तुला वाचवलं गं.’

‘आणि आता?’

मास्तरने पेनाचं टोपण काढलं, घातलं, परत काढलं. ‘हे बघ. मोठ्या बाईंना एकच व्यवस्था हवीय. दोन सांभाळायच्या तर दोन तुकड्या, दोन प्रमुख. नव्याचा प्रमुख मी होणार हे नक्की, पण सगळं नव्यात गेलं तरच ते खातं उभं राहतं. माझी नोकरीची अजून सहा वर्षं आहेत. तुझ्या वहीबरोबर मला नाही बुडायचं. वहीविरुद्ध काहीतरी ठोस लागत होतं, आणि तुझी वही इतकी धड आहे की एकोणीस वर्षांत तेवढं एकच सापडलं.’ हे शेवटचं तो कौतुकाने बोलला. खरोखर कौतुकाने. ‘उद्या तू गप्प बस, एवढंच. तुझी जागा मी बघतो. नव्यात तुला घेतोच मी, शब्द देतो.’

‘आणि रोजची ती सहा घरं? तुम्ही दारं काढली होती फळ्यावर.’

‘कळ आवळून ठेवू की. मग तुझ्या मनासारखं.’

‘मग ते वहीपेक्षा हळू चालतं. तक्त्यात चौपट लिहिलंय.’

‘ते पुढचं पुढे बघू,’ मास्तर म्हणाला, आणि घड्याळाकडे बघितलं.

बाहेर आल्यावर ती पाणी प्यायला गेली आणि तीन पेले प्यायली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि त्यातली खरी मेख ही की कापणाऱ्याला रागही नसतो. राग असता तर बरं झालं असतं. तिच्या मनात दोन गोष्टी एकमेकींशी भांडत होत्या आणि कुठली जास्त दुखते ते ठरत नव्हतं: त्याने आता सांगितलं हे, की तेव्हा सांगितलं नाही हे. तेव्हाची दया खरी असेलही. पण ती दया त्याने नऊ वर्षं जपून ठेवली होती, आणि गरज पडल्यावर तीच उलट्या बाजूने वापरली. मधल्या वर्षांत तिने त्याला काय काय सांगितलं होतं! मुलीचं बारावीत अडलेलं, स्वतःचं ऑपरेशन, घरातली धुसफूस. हे सगळंही कुठल्यातरी परिशिष्टासाठी ठेवलेलं असेल का, असं तिला वाटून गेलं. आणि मग लाज वाटली, कारण या सगळ्यात तो दुसऱ्या मजल्यावरचा माणूस बाजूलाच राहिला होता. बेल बंद, दार वाजवावे. कोणी वाजवलं असेल? त्याच्या मुलीने उघडलं असेल?

घरी संध्याकाळी नवरा तिच्या आधी आलेला होता. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. बोटांची टोकं कायम गुळगुळीत, आणि माणसं ‘ही बरी की ही’ करून कशी दमवतात याच्या गोष्टी रोज घेऊन यायचा. ती बोलायला लागली तेव्हा तो भाजी निवडत होता. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं, दोन खिडक्या, अकरा मिनिटं, जिना, आजचं पान. तो निवडतच राहिला. तिचं संपल्यावर म्हणाला, ‘नऊ वर्षं.’

‘हो.’

‘त्याला सांगितलंस. त्याच दिवशी. आणि घरी येऊन माझ्यासमोर जेवलीस.’

‘तू काय केलं असतंस?’

‘काही नाही. ऐकलं असतं.’ त्याने निवडलेली भाजी आणि टाकायची काडी एकाच ढिगात टाकली, आणि परत वेगळी करायला लागला. तिला म्हणायचं होतं की मास्तर कामातला माणूस होता, त्याला ते तांत्रिक कळणारं होतं, पण हे कारण सबळ नाही हे तिचं तिलाच ऐकू आलं. खरं असं होतं की नवऱ्याने तिला धीर दिला नसता. तो म्हणाला असता, वहीत बघ. तिला धीर हवा होता, आणि तो देणारा माणूस तिने शोधला होता. ‘उद्या काय करू मी?’ तिने विचारलं.

‘ते मला नको विचारूस,’ नवरा म्हणाला. ‘तेव्हा नाही विचारलंस.’ आवाज चढवला नाही. थोड्या वेळाने त्याने दोघांचं वाढून घेतलं, आणि ती जेवेपर्यंत समोर बसून राहिला.

शुक्रवारी अकरा वाजता बैठकीत पाच जण होते: मोठ्या बाई, मास्तर, नवी व्यवस्था विकणारा सुटातला माणूस, गाड्यांचा मुकादम आणि ती. मास्तरने फळा मागवलेलाच होता. तो छान बोलला. तो नेहमीच छान बोलतो. तक्ता सहा आला, वेग चौपट, अचूकपणा शंभर. मग पान नऊ आलं, आणि मागोमाग परिशिष्ट तीन. मोठ्या बाईंनी चष्मा वर केला. ‘मृत्यू? हे मला कधी कोणी सांगितलं नाही.’ मास्तर खालच्या आवाजात म्हणाला, ‘जुन्या व्यवस्थेत हे होऊ शकतं, बाई. म्हणून तर.’ सुटातल्या माणसाने मान खाली घालून दुखवटा पाळला.

तिने अहवाल मिटून समोर ठेवला. ‘ती मानवी चूक माझी,’ ती म्हणाली. ‘चुकीच्या खिडकीत हुकूम दिला मी. वहीचा त्यात काही दोष नाही, वहीने सांगितलं तसं केलं. एक मागणी अकरा मिनिटं उशिरा नोंदली गेली आणि तो माणूस त्या संध्याकाळच्या आत गेला. माझ्यामुळे गेला का, मला माहीत नाही. कोणालाच सांगता येणार नाही. पण मी कोणाला सांगितलं नाही, हे खरं.’ आता थांबले तर परत बोलता यायचं नाही, हे कळून ती तशीच तक्त्यावर गेली. कळ सैल असताना काय, आवळल्यावर काय. हजारात तीन. दिवसाला सहा. मुकादमाने एवढंच विचारलं, ‘म्हणजे माझा गाडीवाला गोदामात जाणार आणि तिथे सिलिंडरच नाही? आणि तिकडे घरी कबूल केलेला?’ ती हो म्हणाली. तो सुटातल्या माणसाकडे वळला. ‘काय साहेब, असं होतं का?’ सुटातला माणूस म्हणाला, ‘अगदी क्वचित.’ मुकादम म्हणाला, ‘क्वचित कोणाच्या घरी?’

मोठ्या बाईंनी परिशिष्टाच्या नवव्या ओळीवर बोट ठेवलं. मग मास्तरला म्हणाल्या, ‘ही चूक कोणाची, ते तुम्हाला माहीत होतं?’

‘मी नोंदींवरून काढलं होतं, बाई,’ मास्तर म्हणाला. ‘कोणाची ते आत्ताच कळतंय.’ तिच्याकडे बघून त्याने मान हलवली, दुःखाने.

पिशवी तिच्या मांडीवर होती. त्यात ते छापलेलं पान होतं, पाच पन्नासची नोंद, त्याचं नाव. चेन उघडायला एक क्षण पुरला असता. तिचा हात चेनवर गेलाही. आणि मग, एकोणीस वर्षांच्या सवयीने, तिने पुढचं बघितलं: आपण तर गेलोच. पान दाखवलं की मास्तरही जातो. मग वही थोडीफार तरी ओळखणारा कंपनीत एकही माणूस उरत नाही, आणि मोठ्या बाईंसमोर सुटातला माणूस बसलेलाच आहे. आठवड्याच्या आत सगळं नव्यात. तिने हात काढून टेबलावर ठेवला. इतका जड हात तिने आयुष्यात उचलला नव्हता.

‘तक्त्याचं मला पटलं,’ मोठ्या बाई शेवटी म्हणाल्या. ‘मागण्या जुन्या वहीतच राहतील. मीटरचे आकडे नव्यात न्या. पण ताई, वही तुमच्या हातात नाही ठेवता येणार मला. उद्या त्या घरातलं कोणी येऊन उभं राहिलं तर मी काय सांगू? मास्तर, वही आजपासून तुमच्याकडे.’

‘घेतो,’ मास्तर म्हणाला. एका दमात म्हणाला.

दुपारी तो तिच्या खुर्चीत बसला, ती शेजारच्या स्टुलावर. नवी कोरी कागदाची वही आणली होती त्याने लिहून घ्यायला. एकोणीस वर्षांत वहीचं रोजचं, आठवड्याचं, महिन्याचं काम काय असतं ते त्याने कधी विचारलंच नव्हतं. वही चालते एवढं त्याला माहीत होतं. ती सांगत गेली. सकाळी आल्या आल्या कुठला आकडा बघायचा. तो किती वर गेला की काळजी करायची. महिन्याच्या शेवटी काय पुसायचं, आणि काय कोणी कितीही म्हटलं तरी पुसायचं नाही. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की यातली एखादी गोष्ट गाळली तर कोणाला कळणारसुद्धा नाही. दोनतीन महिने सगळं सुरळीत चालेल आणि मग एक दिवस वही बंद पडेल. तिने त्यावर खरोखर विचार केला, सवडीने, त्याचं पेन चाललेलं असताना. मास्तरचं काय बिघडलं असतं? दोन वाक्यांत सावरून घेतलं असतं त्याने. बिघडलं असतं ते कुठल्यातरी भलत्याच घरात. तिने ती गोष्ट सांगितली, आणि त्याला नीट कळली नाही म्हणून दुसऱ्यांदाही सांगितली.

मास्तरने लिहिणं थांबवून बोटं मोडली. ‘बापरे,’ तो म्हणाला, ‘हे सगळं तू एकटी करत होतीस? बरं झालं बाई, तू आहेस सांगायला. दुसरं कोणी असतं तर राग धरून बसलं असतं.’ आणि तो तिच्याकडे बघून हसला, त्याच जुन्या मायेने. ती माया खोटी नव्हती. त्याचं तिला इतकं दुखलं की क्षणभर तिला समोरचं दिसेना.

‘लिहा,’ ती म्हणाली. ‘अजून पुष्कळ राहिलंय.’